पैलू की मुलामा? – हौशी गायकांच्या ध्वनिमुद्रणाविषयी एक अभ्यास

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ४:३२ ते ५:११, १ इतिहास २५:१-८
पाठांतरासाठी वचन : इफिसकरांस ४:२५
पाठाचा हेतू : गायनाची भेट देवाला व मंडळीला देताना ती उत्तम असावी आणि खरीही असावी, हे समजून घेणे.

आजकाल आपल्या मंडळ्यांत असे घर विरळाच, की ज्यातील कोणी मोबाईलवर एखादे गीत म्हणून ते इतरांना पाठवलेले नाही. आम्ही सुरतेत राहतो. येथील लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून कामधंद्यासाठी आलेली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली आहेत, आणि त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. नाताळचे गीत असो की वधस्तंभाचे, ते येथे गायिले जाते आणि घटकाभरात गावाकडच्या मंडळीपर्यंत, मुंबई-पुण्याच्या नातलगांपर्यंत, परदेशी गेलेल्या लेकरांपर्यंत पोहोचते. ही मोठी कृपा आहे. पूर्वी पत्राने जे साधत नव्हते ते आज आवाजाने साधते.

परंतु या सोयीबरोबर एक प्रश्नही घरात आला आहे. गीत पाठवण्यापूर्वी त्यात काटछाट करावी काय? सूर चुकला तर यंत्राकडून सरळ करून घ्यावा, की जसे गायिले तसेच पाठवावे? तरुणसंघाच्या सभेत हा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, देवाला उत्तम तेच द्यावे, म्हणून जेवढे सुधारता येईल तेवढे सुधारावे. दुसरा म्हणतो, देव अंतःकरण पाहतो, म्हणून काहीही न बदलता पाठवावे. दोन्ही पक्ष शास्त्राचा आधार देतात. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना तर मुलांच्या गीतांच्या निमित्ताने दर नाताळात या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. म्हणून या पाठात आपण त्याचा शास्त्राच्या प्रकाशात शांतपणे विचार करू.

१. काटछाट म्हणजे नेमके काय?

हिंदुस्थानात गाण्याचे ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. त्या वेळी गौहर जान यांच्यासारख्या नामवंत गायिकेलाही सुमारे तीन मिनिटांत आपले गाणे बसवावे लागे. एकदा सुरुवात झाली की चूक झाली तरी ती पुसता येत नसे. फार तर नवी तबकडी घेऊन सगळे गाणे पुन्हा म्हणावे लागे. गाणे संपताच गौहर जान आपले नाव मोठ्याने उच्चारीत. आवाज कोणाचा, हे तबकडीच सांगत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर टेप सर्वत्र वापरात आली. ती ब्लेडने कापून जोडता येत असल्यामुळे एका वेळच्या गायनातील पहिले कडवे आणि दुसऱ्या वेळच्या गायनातील दुसरे कडवे एकत्र करता येऊ लागले. पुढे संगणक आला. १९९७ साली अँडी हिल्डेब्रँड यांनी 'ऑटो-ट्यून' बाजारात आणले. हे गृहस्थ पूर्वी जमिनीतील कंपनांवरून खनिज तेलाचा शोध घेण्याच्या कामात होते; तेच गणित त्यांनी गळ्याच्या आवाजाला लावले. आता बेसूर स्वर सुरात ओढता येऊ लागला. जे तेव्हा मोठ्या स्टुडिओतच होत होते ते आज साध्या मोबाईलवर होते.

२०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी आली. १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा रविवार आपण घरातच पाळला. गायकवर्गातील प्रत्येकाने आपापल्या घरी गावे आणि कोणीतरी ते सगळे आवाज एकत्र जोडावेत, ही रीत तेव्हा घरोघर पोहोचली. ती अगदी नवी नव्हती. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटाकर यांनी २०१० सालीच १२ देशांतील १८५ गायकांचे आवाज अशा रीतीने एकत्र आणले होते. जोडल्याशिवाय असे गायन होऊच शकत नाही. तेव्हा काटछाट हा शब्द ऐकताच नाक मुरडणे बरोबर नाही.

तिचे प्रकार मात्र वेगळे केले पाहिजेत. खोकला, कुकरची शिटी, शेजारच्या मागांची खडखड काढून टाकणे हा एक प्रकार. आवाज लहानमोठा करणे, थोडा घुमारा देणे हा दुसरा. अनेक वेळा गाऊन चांगले तेवढे तुकडे जोडणे हा तिसरा. चुकलेला सूर यंत्राने सरळ करणे हा चौथा. दुसऱ्याचा किंवा यंत्राने तयार केलेला आवाज घालून आपण ओठ हलवणे हा पाचवा. या पाचही गोष्टींना एकच नाव असले तरी त्या एका तोलाच्या नाहीत.

२. उत्तम गाण्याविषयी शास्त्र काय म्हणते?

"देव अंतःकरण पाहतो" हे १ शमुवेल १६:७ मधील सत्य पुष्कळदा आळसाच्या समर्थनासाठी वापरले जाते. शास्त्राने गाण्याची हयगय कोठेही शिकवलेली नाही. १ इतिहास २५ मध्ये आसाफ, हेमान व यदूथून यांच्या हाताखालील गायकांची नोंद आहे. त्यांची संख्या २८८ दिली असून ते सर्व परमेश्वराच्या गायनात शिकून निपुण झालेले होते. तेथे गुरू व शिष्य दोघेही होते, म्हणजे शिक्षण चालू होते. १ इतिहास १५:२२ मध्ये कनन्या याच्याकडे गायनाचे काम आले, कारण तो त्यात प्रवीण होता. स्तोत्र ३३:३ मध्येही वाद्य कौशल्याने वाजवण्याचा आदेश आहे. मलाखीने (१:८) लंगडे व आजारी पशू वेदीवर आणणाऱ्यांचा निषेध केला. जे सुभेदारालाही आपण देणार नाही ते देवाला कसे द्यावे, असा त्याचा रोख आहे.

म्हणून पहिल्या पक्षाचे म्हणणे अर्धे खरे आहे. गीत पाठवायचे तर चाल नीट बसलेली असावी, शब्द स्पष्ट असावेत, पेटी सुरात असावी. एकदा चुकले तर पुन्हा म्हणावे. दहा वेळा म्हणून दहावे पाठवले तर त्यात काहीच वावगे नाही. तो तर रियाजच झाला.

परंतु येथे दाविदाची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे (२ शमुवेल २४:१८-२५). यबूसी अरवना आपले खळे व बैल फुकट देऊ करीत होता. दाविदाने ते नाकारले, आणि ज्याला आपल्याला काही मोल पडले नाही असे होमार्पण देवाला वाहण्याचे त्याने साफ नाकारले. उत्तम भेट म्हणजे निर्दोष दिसणारी भेट एवढाच अर्थ शास्त्रात नाही; ती देणाऱ्याच्या पदरातून गेलेली असावी लागते. रियाजाने सुधारलेला सूर गायकाच्या कष्टातून येतो. बोटाच्या एका स्पर्शाने सरळ झालेल्या सुराला गायकाचे काय मोल पडले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

३. हनन्याचे पाप कोणते?

आता आपल्या मुख्य शास्त्रपाठाकडे वळू. यरुशलेमच्या मंडळीत लोक आपल्या मालमत्ता विकून पैसा प्रेषितांच्या चरणांशी ठेवीत होते. चौथ्या अध्यायाच्या शेवटी बर्णबाने शेत विकून पैसे आणल्याचे सांगितले आहे. लगेच पाचव्या अध्यायात हनन्या व सप्पीरा येतात. त्यांनीही मालमत्ता विकली, काही रक्कम मागे ठेवली आणि उरलेली आणून दिली.

येथे पेत्राचे बोलणे काळजीपूर्वक वाचावे (५:४). मालमत्ता हनन्याचीच होती आणि विकल्यावर पैसाही त्याच्याच हाती होता, असे पेत्र स्वतः कबूल करतो. ती विकण्याची सक्ती नव्हती. सगळे पैसे आणण्याचीही सक्ती नव्हती. हनन्याने अर्धे आणून अर्धे आणले असे सांगितले असते तर मंडळीने ते आनंदाने घेतले असते. त्याने भाग आणला आणि तो संपूर्ण म्हणून ठेवला. बर्णबाला मिळालेला मान त्याला हवा होता. बर्णबाने दिले तेवढे मात्र द्यायचे नव्हते. पेत्राच्या दृष्टीने हे मनुष्यांशीच नव्हे तर देवाशी खोटे बोलणे होते.

नंतर सप्पीरा आत येते. तिला पेत्र सरळ प्रश्न करतो, की जमीन एवढ्यालाच विकली काय (५:८). हा प्रश्न म्हणजे तिला मिळालेली संधी होती. तिने खरे सांगितले असते तर ती कथा वेगळ्या रीतीने संपली असती.

हा पाठ कोणाला भेडसावण्यासाठी आम्ही घेतलेला नाही. ज्याने गाण्यातील सूर दुरुस्त केला तो हनन्या झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु या प्रसंगातून आपल्या प्रश्नाला लागू पडणारी कसोटी मिळते. दोष कापण्यात वा ठेवून घेण्यात नाही. जे जसे नाही ते तसे आहे असे इतरांना समजू देण्यात दोष आहे. आणि सप्पीरेला विचारलेला प्रश्न आपल्यालाही कोणी विचारील. "किती सुरेल गायिलात! हे एका दमात गायिलेत काय?" त्या वेळी आपण काय उत्तर देतो, यावरून आपल्या काटछाटीचा खरा हेतू कळतो. मनमोकळेपणे "नाही हो, चार वेळा गाऊन जोडले आहे" असे म्हणता येत असेल तर चिंता नाही. उत्तर देताना जीभ अडखळत असेल, तर कोठेतरी चुकले आहे.

४. सुरतेच्या बाजारातील धडा

आमच्या शहराला ही कसोटी नवी नाही. जगातील बहुतेक हिऱ्यांना सुरतेत पैलू पाडले जातात. खाणीतून आलेला कच्चा हिरा मळकट खड्यासारखा दिसतो. घंटीवर बसलेला कारागीर तो घासतो, त्याला आकार देतो. या कामी पुष्कळदा निम्मे वजन जाते. तरी यास कोणी फसवणूक म्हणत नाही. आत जी चमक होती तीच बाहेर आली.

दुसरा प्रकार असा, की हिऱ्यात भेग असते आणि ती काचेसारख्या पदार्थाने भरून दिसेनाशी केली जाते. असा हिरा विकता येतो, पण भेग भरलेली आहे हे सांगून विकावा, असा व्यापाराचा नियम आहे. तिसरा प्रकार प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्याचा. तो आता सुरतेतही मोठ्या प्रमाणात होतो. घटकांच्या दृष्टीने तो हिराच असतो आणि त्याची विक्री उघडपणे चालते. तोच खाणीतला म्हणून विकला तर मात्र तो गुन्हा होतो. जिन्नस तोच, सांगणे वेगळे, आणि सगळा फरक त्या सांगण्यात आहे.

जरीचेही तसेच. अस्सल जरीत चांदीची बारीक तार रेशमी धाग्यावर गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देतात. नकली जरीत तांब्याची तार असते, आणि त्याहून स्वस्त जरी प्लॅस्टिकच्या चकाकत्या पट्टीची असते. तिन्ही बाजारात मिळतात आणि गरिबाच्या मुलीच्या लग्नात स्वस्त जरीचे लुगडेही शोभते. त्यात लाज नाही. लाज तेव्हा, की जेव्हा तांबे चांदीच्या भावात विकले जाते. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो, ही नीतिसूत्राची (११:१) शिकवण येथे बाजारातील माणसालाही पटते.

याच शहरात आणखी एक उदाहरण आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर व फायवी हे १८१५ साली सुरतेस आले. त्यांनी शुभवर्तमानाचे गुजराती भाषांतर केले आणि येथेच छापखाना चालवून नवा करार छापला. खिळे जुळवून काढलेला पहिला कागद चुकांनी भरलेला असतो. मुद्रिते तपासणारा त्या चुका काढतो. ही काटछाटच आहे. पण तिची दिशा मूळ प्रतीकडे असते. लेखकाने जे लिहिले तेच वाचकाला दिसावे एवढ्यासाठी ती असते. ध्वनिमुद्रणाचाही विचार या दिशेने करता येईल. पंख्याची घरघर काढली तर गायकाने जे गायिले ते अधिक स्पष्ट ऐकू येते. ही मूळ प्रतीकडे नेणारी दुरुस्ती झाली. जो स्वर गळ्यातून निघालाच नाही तो घातला, तर ती दुरुस्ती मूळ प्रतीपासून दूर नेते. पहिली न सांगता करावी. दुसरी करायची तर सांगून करावी.

५. सूर सरळ करणाऱ्या यंत्राविषयी

सूर दुरुस्त करण्याच्या यंत्राविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्यात सत्याच्या प्रश्नाबरोबर संगीताचाही प्रश्न आहे. आपली पुष्कळ भक्तिगीते अभंग, ओवी व भजनाच्या चालींवर आहेत. रेव्ह. ना. वा. टिळकांनी आणि त्यांच्या काळच्या इतर कवींनी मराठी मंडळीला देशी वळणाचे गायन दिले. या गायनात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड असते, स्वर हलका झुलतो, कधी तो किंचित खाली धरला जातो. यंत्राला हे कळत नाही. त्याला नेमून दिलेल्या बारा घरांपैकी जवळच्या घरात ते स्वर ढकलते.

या वादाला आपल्या देशात जुना इतिहास आहे. १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदी केली. पेटीचे स्वर ठराविक जागी बांधलेले असतात, तिला मींड घेता येत नाही आणि तिच्या साथीने गळाही तसाच होतो, असा आक्षेप होता. ती बंदी १९७१ च्या सुमारास सैल झाली. आपल्या उपासनेत तर पेटी कधी बंद झालीच नाही आणि तिने मंडळीला पुष्कळ आधार दिला आहे. परंतु पेटी गळ्याच्या बाजूला बसून साथ करते. गायक तिच्यापासून थोडा दूर जाऊन परत येऊ शकतो. हे यंत्र सर्वस्वी लावले तर ते गळ्यातच जाऊन बसते. भजनातील आर्तता पुष्कळदा ज्या किंचित हललेल्या स्वरात असते, तोच ते चूक समजून पुसून टाकते. तेव्हा सत्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, आपल्या गीतांना हे यंत्र वापरताना हात राखून वापरावे, असे आम्हांस वाटते.

६. "सगळेच तसे करतात"

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचार करण्याजोगा आहे. चित्रपटात नट बोलतो आणि दुसराच गातो हे सर्वांना ठाऊक असते. मोठमोठ्या कलावंतांच्या ध्वनिमुद्रिका तुकडे जोडूनच तयार होतात. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ साली रंगमंच सोडला आणि १९६६ साली लेख लिहून उघड मांडले, की ध्वनिमुद्रण ही मैफिलीची नक्कल नसून स्वतंत्र कला आहे. बाखची एक रचना आपण दोन वेळच्या वादनांतून जोडल्याचे त्यांनी त्यात स्वतःच सांगितले. मग हौशी गायकानेच का संकोच करावा?

गूल्ड यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्यांनी केले ते सांगून केले, ही गोष्ट विसरू नये. याउलट १९५२ सालचे एक उदाहरण आहे. प्रख्यात गायिका कर्स्टन फ्लागस्टाड यांच्या एका ध्वनिमुद्रणात अगदी वरचे स्वर एलिझाबेथ श्वार्त्सकोफ यांनी गाऊन घातले होते. ते श्रोत्यांना सांगितलेले नव्हते. पुढे गोष्ट बाहेर आली आणि तिचा गवगवा झाला. इतक्या थोर गायिकेला दोन स्वरांसाठी दुसरीची मदत घ्यावी लागली, यात कमीपणा नव्हता. पण ते झाकले गेल्यामुळे त्याला कमीपणा आला.

शिवाय मंडळीत पाठवलेले गीत निव्वळ कला नसते, ती साक्षही असते. "मी, तुमच्यातलाच एक, प्रभूविषयी हे गात आहे" असा तिचा अर्थ ऐकणारा घेतो. चित्रपट पाहणाऱ्याची तशी समजूत नसते. म्हणून सिनेमाचा न्याय येथे जसाच्या तसा लावता येत नाही.

मदत घेणे व ती सांगणे याचे सुंदर उदाहरण पवित्र शास्त्रातच आहे. रोमकरांस पत्र पौलाचे आहे. पण १६:२२ मध्ये ते हाताने लिहिणारा तर्तियस स्वतःचे नाव देऊन सलाम सांगतो. त्यामुळे पौलाचे महत्त्व कमी झाले नाही. आपल्या मराठी साहित्यातही टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, आणि हे वाचकांपासून लपवलेले नाही. गीताखाली गाणाऱ्याचे नाव लिहितो तसे जोडकाम करणाऱ्याचेही लिहावे. त्या मुलाने रात्री जागून केलेल्या सेवेचीही त्यामुळे कदर होईल.

७. आपण एकमेकांचे अवयव आहोत

इफिसकरांस ४:२५ मध्ये पौल खोटे टाकून देण्यास सांगतो आणि त्याचे कारणही देतो : आपण एकमेकांचे अवयव आहोत. खोट्याने एका शरीराचेच दोन अवयव एकमेकांपासून तुटतात. याची दोन उदाहरणे आमच्या पाहण्यात आली आहेत.

एका तरुणाने यंत्राच्या साहाय्याने फार गोड केलेली दोन-तीन गीते पाठवली. ती ऐकून दुसऱ्या गावच्या मंडळीने त्याला संजीवन सभेत गायनासाठी बोलावले. तेथे त्याचा आवाज वाईट लागला असे नाही. तो जसा होता तसा लागला. पण लोकांनी दुसराच आवाज मनात धरला होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो फरक त्याने पाहिला आणि त्यानंतर त्याने मंडळीत एकट्याने गाणे सोडले. देवाने दिलेला साधा, प्रामाणिक आवाज त्याने स्वतःच्याच बनावट आवाजापुढे हलका करून घेतला.

दुसरे उदाहरण टाळेबंदीच्या काळातले आहे. गायकवर्गातील एका वृद्ध भगिनीने नातवाच्या मोबाईलवर आपला भाग गाऊन पाठवला. आवाज थरथरत होता म्हणून जोडणाऱ्याने तो अगदी बंद केला. चित्र मात्र ठेवले. गीत सर्वत्र गेले. आजींनी ते कानाशी धरून दोन-तीनदा ऐकले. आपले ओठ हलताना त्यांना दिसत होते, आवाज कोठेच नव्हता. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. पण उपासना पुन्हा सुरू झाली तेव्हा त्या गायकवर्गात न बसता मागच्या बाकावर बसल्या.

जोडणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. त्याला गीत चांगले करायचे होते. तथापि १ करिंथकरांस १२:२१-२४ पुन्हा वाचावे. जे अवयव अशक्त दिसतात ते अधिक आवश्यक आहेत, असे पौल म्हणतो. मंडळीचे गायन ही त्या शरीराची क्रिया आहे. ज्या गायनातून आजींचा थरथरता आवाज गेला ते अधिक सुरेल झाले असेल, पण ते त्या मंडळीचे गायन उरले नाही. विधवेच्या दोन टोल्या प्रभूने दानपात्राबाहेर ठेवल्या नाहीत (लूक २१:१-४). त्यांच्याकडे त्याने शिष्यांचे लक्ष वेधले.

येथे दुसऱ्या पक्षालाही एक शब्द सांगितला पाहिजे. काहीही न सुधारता पाठवणे म्हणजे आपोआप नम्रता नव्हे. "आम्ही बुवा काटछाट करीत नाही" असे सांगून मिरवणे हेही मत्तय ६:१ च्या कक्षेत येते. आणि ऐकणाऱ्याला शब्दही कळू नयेत इतक्या गोंगाटात गीत पाठवणे हे प्रीतीला धरून नाही. सर्व काही उन्नतीसाठी व्हावे, हा नियम (१ करिंथकरांस १४:२६) दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे.

८. आचरणासाठी काही सूचना

वरील विचारावरून हौशी गायक-वादकांना व शिक्षकांना पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

(१) आधी रियाज, मग यंत्र. जी चूक पुन्हा गाऊन सुधारता येते ती गाऊनच सुधारावी.

(२) बाहेरचा गोंगाट, सुरुवातीची खाकर, शेवटची कुजबुज खुशाल काढावी. आवाजाची पातळी नीट करावी. हे सांगण्याची गरज नाही.

(३) तुकडे जोडले असतील किंवा सूर यंत्राने दुरुस्त केला असेल, तर गीताबरोबर एक ओळ लिहावी : "हे गीत तीन वेळा गाऊन जोडले आहे", "काही स्वर यंत्राने सुधारले आहेत". गीतकाराचे, चाल देणाऱ्याचे व जोडकाम करणाऱ्याचे नाव द्यावे.

(४) दुसऱ्याचा आवाज त्याला विचारल्याशिवाय बदलू किंवा बंद करू नये. आवाज लहान करावा लागला तर त्याला आधी सांगावे. ज्याचे चित्र आहे त्याचा आवाजही असावा.

(५) यंत्राने बनवलेला किंवा दुसऱ्याचा आवाज आपला म्हणून देऊ नये. इसहाकाला आवाज याकोबाचा व हात एसावाचे वाटले (उत्पत्ती २७:२२). त्या घरात त्यातून किती वर्षांचे वैर निर्माण झाले हे आपणांस ठाऊक आहे.

(६) लहान मुलांच्या गीतातील स्वर दुरुस्त करू नयेत. मूल आपला आवाज ऐकून शिकते. यंत्राने सुधारलेले गीत ऐकून ते एकतर फुगते, नाहीतर "हा माझा आवाज नाही" असे ओळखते आणि मोठ्यांनी आपला आवाज नापसंत केला असे समजते.

शिक्षकांसाठी : वर्गात एकच कडवे मुलांकडून दोनदा गाऊन घ्यावे. पहिले ऐकवून कोठे चुकले ते मुलांनाच शोधू द्यावे, सराव करून दुसरे गाऊन घ्यावे, आणि दोन्ही शेजारीशेजारी ऐकवावीत. सुधारणा म्हणजे काय हे त्यांना यावरून जितके कळेल तितके व्याख्यानाने कळणार नाही. मोठ्या मुलांबरोबर हनन्या-सप्पीरेचा पाठ घेऊन, "त्यांनी काय सांगितले असते तर चालले असते?" हा प्रश्न विचारावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. हनन्याने मागे ठेवलेला पैसा त्याचाच होता, तर त्याचा अपराध कोणता? आपल्या गायनसेवेत असा प्रसंग कोठे येतो?
२. हिऱ्याला पैलू पाडणे व त्याची भेग भरणे यांत काय फरक आहे? वरील पाच प्रकारांपैकी कोणता कशासारखा आहे?
३. आपल्या गायकवर्गात ज्याचा आवाज ऐकू येईनासा झाला आहे असे कोणी आहे काय? त्याच्यासाठी आपण काय करू शकतो?
४. येत्या नाताळाच्या गीताबाबत आपल्या मंडळीने कोणते नियम ठरवावेत?

प्रार्थनेचे विषय : गायकवर्ग व वादक, रात्री जागून जोडकाम करणारे तरुण, आवाज गेल्यामुळे किंवा लाजेमुळे गाणे सोडलेले बंधुभगिनी, त्यांनी पुन्हा आपल्या जागी येऊन बसावे म्हणून.